कळंबच्या गाडीचे मागचे दिवे

एक

कर्जतच्या पोलीस ठाण्यामागच्या आवारात ती पांढरी गाडी उभी होती आणि तिचे ब्रेकचे दिवे विझायला तयार नव्हते. गाडीत माणूस नाही, किल्ली फौजदारांच्या खिशात, ब्रेकवर कुणाचा पाय नाही, तरी मागचे दोन्ही दिवे आपले पेटलेले. सकाळी गाडी आणली तेव्हा चांगले लालभडक होते म्हणे. आता दुपारी बॅटरी उतरत आल्यामुळे मलूल झाले होते.

"बघा, गुप्तेबाई," फौजदार म्हणाले. "काल सकाळी माणूस मेला तेव्हा हे लागत नव्हते. आज विझत नाहीत. काय म्हणायचं याला?"

द्वारका गुप्ते गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या. पन्नाशी उलटलेली ही बाई विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासायची. कर्जत-खालापूरच्या समस्त गॅरेजवाल्यांना तिचं नाव तोंडपाठ होतं, आणि ते प्रेमापोटी नव्हे. बाई तिरसट, जीभ तिखट, आणि रिपोर्टमध्ये कुणाचीही भीडभाड नाही. साडीचा पदर खोचून त्या खुशाल गाडीखाली शिरायच्या, वर "बघतोस काय, बॅटरी धर," म्हणून मेकॅनिकलाच दटावायच्या.

प्रकरण तसं उघड होतं. रविवारी सकाळी दाट धुक्यात यज्ञेश पाटणकर ही गाडी घेऊन कळंबहून कर्जतला निघाले होते. कळंबला त्यांचं फार्महाऊस आहे, शनिवार-रविवारचे पाहुणे येतात. कडावच्या अलीकडे म्हशी आडव्या आल्या, पाटणकरांनी ब्रेक मारला आणि मागून दुधाची मोटारसायकल येऊन आदळली. कडावचा नवनाथ. कळंबच्या बाजूला घरोघर दूध गोळा करून कर्जतच्या हॉटेलांना घालायचा. दवाखान्यात पोचेपर्यंत संपला. जमलेल्या लोकांनी तिथल्या तिथे ब्रेक दाबून पाहिला, तर मागचा दिवा लागेना.

आणि गंमत अशी की आदल्याच दिवशी, शनिवारी, ही गाडी याच दुरुस्तीला जाऊन आली होती. या मॉडेलचा ब्रेकच्या दिव्याचा स्विच सदोष निघाला म्हणून कंपनीनं सगळ्या गाड्या परत बोलावल्या होत्या. रिकॉल म्हणतात त्याला. स्विच फुकट बदलून मिळणार, गाडी जुनी असो की नवी. पाटणकरांची गाडी लोधिवलीजवळच्या वर्कशॉपमध्ये गेली, झुहेब नावाच्या मेकॅनिकनं स्विच बदलला, तसा मेसेजसुद्धा मालकाला आला.

"आणि आज उघडून बघितलं तर आत जुनाच स्विच," फौजदार म्हणाले. "बदललाच नाही पोरानं. नवा विकून खाल्ला असणार. उद्या संध्याकाळपर्यंत तुमचा रिपोर्ट द्या, की त्याला आत टाकतो. दिवे कधी लागणार नाहीत, कधी विझणार नाहीत, दोन्ही होऊ शकतं असं कंपनीची नोटीसच सांगते. मग अडलंय कुठं?"

गुप्तेबाईंनी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरी भुकटी साचून घट्ट झाली होती. मग त्या स्टिअरिंगखाली वाकल्या आणि फ्यूजचा डबा उघडला. रंगीत नखाएवढे तुकडे ओळीनं बसवलेले. सगळे धुरकटलेले, पण ब्रेकच्या दिव्याचा लाल फ्यूज तेवढा कोरा करकरीत. तो बसतो त्या खाचेच्या कडा मात्र घासून गुळगुळीत झालेल्या. डब्याच्या झाकणात कंपनी जादा फ्यूज देते, त्यातली लाल फ्यूजची जागा रिकामी होती.

शेवटी त्यांनी पेडलमागचा तो जुना स्विच काढून घेतला, फौजदारांच्या देखत चाकूच्या टोकानं फोडला आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. आतल्या दोन पत्र्या वितळून एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. पाय दाबा, काढा, काही करा, हा स्विच कायम चालूच राहणार.

"फौजदार," त्या म्हणाल्या, "या स्विचनं दिवा विझूच शकत नाही. काल हा स्विच गाडीत असता तर दिवे ढणाढणा जळत असते. काल कडावला हा गाडीत नव्हताच."

दोन

लोधिवलीत जुन्या हायवेला लागून अब्बासभाईंचं पंक्चरचं दुकान आहे. गुप्तेबाई तिथं पोचल्या तेव्हा अब्बासभाई बाहेर बाकावर नुसते बसून होते. समोर एका टेंपोचं चाक उघडून पडलं होतं, टेंपोवाला कटकट करत होता, आणि यांचं कशातच लक्ष नव्हतं.

"बाई, तुम्ही तरी सांगा त्यांना," ते उठत म्हणाले. "माझा झुहेब चोर नाही. पोरानं दहावीपासून याच दुकानात हात काळे केलेत. वर्कशॉपवाल्यांनी आज सकाळीच त्याला घरी बसवलं. उद्या आत टाकला तर परत कोण उभं करील त्याला? त्याच्या अम्मीनं, सफुरानं, कालपासून घास खाल्ला नाही."

झुहेब आत होता. दिवसभर ठाण्यात बसवून नुकतंच सोडलं होतं. चेहरा पार उतरलेला, पण गुप्तेबाईंना बघून ताठ उभा राहिला.

"स्विच बदललास?"

"बदलला, बाई. नवा बसवला, पेडल दाबून मालकाला दिवे दाखवले. दाबला की लागायचा, सोडला की विझायचा."

"आणि जुना?"

"जुना... कंपनीच्या पेटीत टाकला. रिकॉलचा जुना माल परत पाठवावा लागतो."

"पेटीत एक कमी भरलाय. मी फोन करून विचारलंय. आता नीट बोल. माझ्याशी खोटं बोललास तर मी तुझ्यासाठी एक अक्षर लिहिणार नाही."

पोरानं बापाकडे पाहिलं. अब्बासभाई काय समजायचं ते समजले. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"दिलास ना गिऱ्हाईकाच्या हातात? अरे, किती वेळा सांगितलं तुला, तिथं हे चालत नाही म्हणून!"

आपल्याकडच्या गॅरेजची ही जुनी रीत. नवा पार्ट टाकला की जुना फडक्यात गुंडाळून मालकाच्या हातात द्यायचा, म्हणजे काम केलं याची खात्री. अब्बासभाईंच्या दुकानात झुहेब तेच शिकला होता. कंपनीच्या वर्कशॉपात मात्र रिकॉलचा जुना पार्ट बाहेर देणं म्हणजे नोकरीला मुकणं.

"पाटणकरसाहेब शेजारीच बसले होते, बाई," झुहेब मान खाली घालून म्हणाला. "कसा काढतात, कसा बसवतात, सगळं विचारत होते. अर्ध्या वळशाचं तर काम. शेवटी म्हणाले, जुना मला दे, बघू तरी कशानं छळलं इतके महिने. दिला मी. नाही म्हणायला जीभ रेटली नाही."

"मग हे पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"नोकरी जाईल म्हणून. आता तीही गेली."

गुप्तेबाईंना त्याचा राग आला आणि कीवही आली. पोरगा खरं बोलत होता, यात त्यांना शंका राहिली नव्हती. जुना स्विच पाटणकरांच्या हातात गेला होता आणि त्यांच्याच हातानं परत गाडीत बसला होता. पण हायवेनं परत येताना त्यांच्या मनात एक खडा टोचायला लागला. रविवारी सकाळी गाडीत झुहेबनं बसवलेला नवा, धडधाकट स्विच होता. मग कडावला नवनाथला दिवा दिसला का नाही?

तीन

मंगळवारी सकाळी धुकं आणखीच दाट होतं. कडावच्या अलीकडे रस्त्याकडेला हरीची चहाची टपरी आहे. तिच्यासमोरच सगळं घडलं होतं. रस्त्यावर अजून दुधाचा पांढरट ओघळ वाळलेला दिसत होता आणि त्याच्या अलीकडे मोटारसायकलच्या टायरचा काळा ओरखडा, अगदी आखूड. गुप्तेबाईंनी टेप काढून तो मोजला, पुढचं मागचं अंतर पाहिलं आणि मग टपरीत येऊन बसल्या.

"घाईत होता का रे नवनाथ?"

"लोक काय, काय पण बोलतात," हरी चहा ओतत म्हणाला. "मोबाईलवर बोलत होता म्हणं, पेंगत होता म्हणं. मी सोता बघितलाय. सावकाश येत होता. एवढ्या धुक्यात दुधाचे कॅन घेऊन कोण पळवंल? पुढच्या गाडीचा बारका लाल दिवा धरून मागनं चालला होता बिचारा. ती उभी राह्यली, पन दिवा भडकलाच नाय. त्याला कळणार कसं?"

"आणि ब्रेक दाबून कुणी पाहिला?"

"मीच. साहेब तर डोकं धरून रस्त्यातच बसलं. कालच दुरुस्त केली, कालच दुरुस्त केली, येवढंच बोलत होतं. मी आत बसून पेडल दाबला, पोरं मागं उभी. काय नाय. मेलेला दिवा. मग त्याच गाडीत नवनाथला घालून साहेबच कर्जतला घेऊन गेलं. लई रडलं वो. नवनाथची बायको त्यांच्याकडंच कामाला हाय ना, सुरेखा. स्वैपाक-पानी, झाडलोट सगळं तीच बघती. त्या दिवशीबी तो तिला तिथं सोडूनच पुढं निघाला होता."

गुप्तेबाईंचा कप ओठाशीच थांबला. हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

"या गाडीचे दिवे आधी कसे असायचे रे? तू तर रोज बघत असशील."

"आदी? आदी कायम पेटल्यालं. ब्रेक मारो नाय मारो. आमी हसायचो, म्हणायचो, साहेबांची दिवाळी अजून संपली नाय."

"कधीपासून?"

"गणपतीच्या आदीपासून."

गुप्तेबाईंनी पैसे टेबलावर ठेवले आणि गाडीत येऊन बसल्या. इतके महिने स्विच चिकटलेला. किल्ली काढली तरी असे दिवे जळत राहतात, ते त्यांनी काल ठाण्याच्या आवारात डोळ्यांनी पाहिलं होतं. रात्रभर जळले तर सकाळी बॅटरी ठार. पण पाटणकरांची गाडी तर रोज सकाळी निमूट सुरू होत होती. म्हणजे रोज संध्याकाळी कळंबला कुणीतरी ते दिवे बंद करत होतं. कोण, आणि कसं?

चार

फार्महाऊसवर पाहुणे नव्हते. पोहण्याचा तलाव पानांनी भरला होता, झोपाळा ओला होता, आणि पाटणकर दाढी वाढलेल्या तोंडानं एकटेच व्हरांड्यात बसले होते. माणूस वाईट दिसत नव्हता. गुप्तेबाईंना बघून उठले, स्वतः आत जाऊन चहा टाकून आले. साखर विसरले होते.

"मी माणूस मारला, बाई," ते म्हणाले. "झोप लागत नाही. पण चूक कुणाची ते बाहेर यायला हवं ना? कंपनीनं सांगितलं, बदलून देतो. मी विश्वासानं गाडी नेली. त्या पोरानं फसवलं."

"जुना स्विच तुम्ही मागून घेतलात म्हणतो तो."

"मी? छे! मी कशाला घेऊ? मला त्यातलं काय कळतं?"

"बरं. इतके महिने दिवे चिकटलेले होते, तर बॅटरी कशी टिकायची हो?"

"मी रात्री बॅटरीची तार काढून ठेवायचो. सकाळी परत लावायचो. सोपं असतं ते."

गुप्तेबाईंच्या डोळ्यांपुढे बॅटरीच्या टोकांवरची पांढरी घट्ट भुकटी आली. त्या तारेला वर्षभरात तरी कुणाचा हात लागला नव्हता. पण त्यांनी ते मनातच ठेवलं आणि बेचव चहाचा घोट घेतला.

"रविवारी इतक्या लवकर निघालात?"

"मुंबईत काम होतं. माझी किल्ली माझ्याजवळ होती, निघालो. कुणाची वाट बघायचा प्रश्नच नव्हता."

"म्हणजे दुसरी किल्लीही असते?"

"असते एक. घरात." त्यांनी विषय बदलला. नवनाथच्या घरी काय काय पाठवलं, दवाखान्यात कसे बसून होते, सगळं सांगितलं. त्यातलं बरंचसं खरं असावं. मग गुप्तेबाई उठल्या, चपला घालू लागल्या, तेव्हा ते मागून म्हणाले, "बाई, एक विनंती. सुरेखाला यात ओढू नका. तिला गाडीतलं काही कळत नाही. फ्यूजबिज विचारून तिला आणखी त्रास कशाला?"

गुप्तेबाईंनी चपलेचा पट्टा सावकाश लावला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. फाटकाबाहेर आल्यावर मात्र त्यांनी गाडी थेट कडावकडे वळवली, कारण आल्यापासून त्यांनी सुरेखाचं नाव काढलं नव्हतं, आणि फ्यूज हा शब्द तर काल आवारातसुद्धा त्यांच्या तोंडून बाहेर पडला नव्हता.

पाच

सुरेखा कडावला घरातच होती. सुतक चालू होतं. ओटीवर तिची सासू, जना, गुडघ्यात मान घालून बसली होती. आल्यागेल्याला एकच सांगत होती, घाई केली माझ्या पोरानं, लई घाई केली. गुप्तेबाईंना आत न्यायला कुणी उठलं नाही. त्या आपण होऊन आत गेल्या.

सुरेखा तिशीची, हडकुळी. रडून रडून डोळे कोरडे पडलेले. गुप्तेबाई तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"सुरेखा, साहेबांची गाडी संध्याकाळी उभी राहिली की तू काही करायचीस का गं?"

"हां. चावी आनायची, पिशव्या काढायच्या, अन् तो लाल तुकडा काढून ठेवायचा. साहेबांनीच दाखवला. म्हनाले, हा काढला की बॅटरी निजते, सकाळी गाडी खोळंबत नाय. आदी दोन-तीनदा ऱ्हायला, तर बॅटरी उतरली, लई बोलले. मंग मी कदी चुकले नाय. रातीला काढायचा, सकाळी चावी देताना परत खोचायचा."

"शनिवारी?"

"शनवारीबी काढला."

"गाडी दुरुस्त झाली, आता काढायला नको, असं नाही सांगितलं साहेबांनी?"

"नाय बा. ते फोनवर होते. मी अंधार पडल्यावर गेले, रोजच्यासारका काढला. रैवारी सकाळी नवनाथनं फाटकापाशी सोडलं, मी कोनाड्यातनं तुकडा घेऊन आले तर गाडी नुकतीच गेलेली. म्हनलं, साहेबांकडं दुसरा असंल, त्याबिगर का गाडी चालू व्हनार? हातातच होता माज्या. तेवढ्यात फोन आला." ती उठली, खुंटीवरच्या पिशवीतून छोटा बटवा काढला, त्यातून एक लाल फ्यूज गुप्तेबाईंच्या तळहातावर ठेवला. त्याचे दोन्ही पाय रोजच्या काढ-घालीनं झिजून चकाकत होते. "साहेबांना द्यायचा ऱ्हायला. त्यांची गाडी आडली तर नाय ना?"

गुप्तेबाईंनी तो उजेडाकडे धरून पाहिला. सगळं लख्ख समोर आलं होतं आणि ते नको होतं. पाटणकरांनी आपल्या सोयीसाठी या बाईला सवय लावली. शनिवारी स्विच दुरुस्त झाला, पण तिला थांब म्हणून सांगायचं ते विसरले. रविवारी आपल्या किल्लीनं निघून गेले, तिची वाट न बघता. आता झाली दुरुस्ती, म्हणून डब्यात डोकावायचं त्यांच्या मनातही आलं नाही. नवा स्विच ठणठणीत, पण फ्यूजच जागेवर नाही, तर दिवा लागणार कुठून? रात्री घरी आल्यावर त्यांनी डबा उघडला असणार, रिकामी जागा बघून सगळं उमगलं असणार. मग झाकणातला जादा फ्यूज खोचला, जुना स्विच परत बसवला, आणि बालंट झुहेबवर ढकललं. नोटिशीत दोन्ही रोग लिहिलेत, चालून जाईल, असा हिशेब; कुणी स्विच फोडून आत बघेल एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आणि हे सिद्ध कसं करायचं? किल्ली त्यांची, गाडी त्यांची. फ्यूज रोज निघत होता, त्यांच्या सांगण्यावरून निघत होता, हे सांगू शकणारं तोंड जगात एकच होतं. पाटणकर नेमके त्यावरच विसंबले होते. माझ्या हातानं माझा नवरा गेला, असं कुठली बाई चारचौघांत सांगेल?

"बाई, कशाचा होता वो तो तुकडा?" सुरेखानं विचारलं.

गुप्तेबाईंनी सांगितलं. गोल गोल न बोलता, सगळं. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

सुरेखानं स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि तो हात पदराखाली घेतला.

"मीच," ती म्हणाली.

"तू नाही गं. ज्यानं शिकवलं आणि थांबवलं नाही, तो. तुला काय ठाऊक होतं?"

"ठावं नवतं म्हनून मानूस माघारी येतो का?"

बाहेर जनाचं रडणं चालूच होतं. सुरेखानं विचारलं, "मी नाय बोलले, तर त्या मेकॅनिक पोराला धरतील?"

"धरतील. आज संध्याकाळीच."

"त्याला आई हाय?"

"आहे. दोन दिवस जेवली नाही."

सुरेखा उठली. चेहऱ्यावर पाणी मारलं आणि ओटीवर आली. सुतकात उंबरा ओलांडतेस, गावाला तोंड दाखवायचं नाय का तुला, असं म्हणून जनानं आकांत केला. सुरेखा तिच्या पायाशी वाकली आणि गुप्तेबाईंच्या गाडीत जाऊन बसली.

सहा

ठाण्यात फौजदारांच्या टेबलासमोर पाटणकर आधीच आले होते. बाकावर अब्बासभाई आणि झुहेब. गुप्तेबाईंनी सगळं मांडलं. चिकटलेल्या पत्र्या, कोरा फ्यूज, गुळगुळीत झालेल्या कडा, झाकणातली रिकामी जागा, भुकटी धरलेली बॅटरी. पाटणकर शांतपणे ऐकत होते.

"सगळे अंदाज आहेत," ते म्हणाले. "फ्यूज कुणी काढला? मी? आणि हे पाहणारं कोण आहे?"

"मी काढला," दारातून सुरेखा म्हणाली.

पाटणकर वळले. ती तिथं दिसेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसावं.

"रोज काढायचे. साहेबांनी शिकवलेला. शनवारीबी मीच काढला." तिनं तो झिजलेला फ्यूज टेबलावर ठेवला. "गाडी नीट झाली, ते मला कुनी सांगितलं नाय. साहेब, तुमी सांगायला पायजे होतं. दोन शबुद होते."

फौजदारांनी तो फ्यूज उचलून निरखला. पाटणकरांना तिच्याकडे बघवेना. ते खुर्चीत खचले.

"नवा स्विच विहिरीत टाकला मी," ते हळूच म्हणाले. "मी घाबरलो. तिला सांगायचं विसरलो, एवढीच माझी... मला वाटलं, कंपनी भरून देईल, कुणाचं काही जाणार नाही."

"कुणाचं काही जाणार नाही?" अब्बासभाई ओरडून उठले. "माझा पोरगा जात होता, साहेब!"

झुहेबनं त्यांना धरून खाली बसवलं. मग तो उठून सुरेखासमोर गेला. त्यानं नुसते हात जोडले. ती बाजूला सरकली. तिला ते सोसवलं नाही.

जबाब लिहून झाला, सुरेखानं सही केली आणि दोघी बाहेर आल्या. संध्याकाळचं धुकं पुन्हा उतरू लागलं होतं. पायरीवर सुरेखा थांबली.

"बाई, तुमी रस्ता मोजला म्हनं. एक विचारते. खरं सांगा. मागचा दिवा भडकला असता, तर थांबला असता का वो तो?"

गुप्तेबाईंच्या ओठांवर खोटं आलं होतं. सांगता येत नाही, धुकंच फार होतं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना तसं म्हणावंसं वाटलं. पण सुरेखा त्यांच्याकडे डोळे लावून उभी होती, आणि तिला फसवणं त्यांना जमलं नाही.

"थांबला असता," त्या म्हणाल्या. "सावकाश येत होता, अंतरही ठेवलं होतं त्यानं. दिवा दिसला असता तर नक्की थांबला असता."

सुरेखानं मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही.

"म्हंजे त्याची चूक नवती," ती म्हणाली. "गाव म्हनतंय मोबाईलवर होता. सासू म्हनती घाई केली, पोराला बोल लावत बसलीय. घरी गेले की आदी तिला ह्ये सांगते. मंग ती मला घरात ठेवंल का नाय, ते तिचं ती बघंल."